ट्रायकोकार्ड का फसते? अंडी शोधण्यापासून काळी अंडी मोजण्यापर्यंत सगळे टप्पे

"कार्ड लावले, पण काही फरक पडला नाही." ही तक्रार इतक्यांदा ऐकली आहे की माझा पहिला प्रश्न आता ठरलेला असतो: कार्ड लावले त्या दिवशी शेतात किडीची अंडी होती का? बहुतेक वेळा उत्तर येते, "अंडी नाही पाहिली. अळ्या दिसल्या म्हणून लावले." म्हणजे कार्ड बांधण्याआधीच ते वाया गेलेले असते.

ट्रायकोकार्ड म्हणजे आत ट्रायकोग्रामा माशी वाढत असलेली अंडी चिकटवलेला कागद; तो शेतात बांधला की त्यातून माश्या निघतात. ट्रायकोग्रामा ही जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीची, गांधीलमाशीच्या गणातली माशी. ती पतंगवर्गीय किडींच्या अंड्यात आपले अंडे घालते. आतली तिची अळी किडीच्या अंड्यातला गर खाऊन वाढते आणि त्या अंड्यातून किडीच्या अळीऐवजी नवी माशी बाहेर पडते. उबदार हवेत हे सगळे साधारण ८ ते १० दिवसांत होते. एकदा किडीची अळी अंड्याबाहेर आली की ही माशी तिचे काहीही करू शकत नाही. पुढचे सगळे टप्पे या एका गोष्टीवर उभे आहेत.

## टप्पा १: कीड कोणती, अंडी कुठे घालते, माशी तिथे पोचते का

कार्ड मागवण्याआधी किडीचे नाव पक्के करा. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण यांपैकी कशावरही ट्रायकोकार्डचा उपयोग नाही. हुमणी आणि फळमाशीवरही नाही. कार्ड फक्त पतंगवर्गीय किडींसाठी आहे: खोडकिडे, बोंडअळ्या, फळे व शेंडे पोखरणाऱ्या अळ्या, पाने गुंडाळणाऱ्या अळ्या.

प्रत्येक प्रजाती प्रत्येक किडीवर सारखी चालत नाही. ऊस, कापूस, टोमॅटो आणि भेंडीवरील बऱ्याच पोखरणाऱ्या किडींसाठी ट्रायकोग्रामा किलोनिस वापरतात. भातावरील पिवळा खोडकिडा आणि उसावरील शेंडा पोखरणारी अळी यांसाठी ट्रायकोग्रामा जापोनिकम. टोमॅटो आणि मक्यावर अनेक ठिकाणी ट्रायकोग्रामा प्रेटिओसम. गुलाबी बोंडअळीसाठी याच कुळातली ट्रायकोग्रामाटॉयडिया बॅक्ट्रे. "ट्रायकोकार्ड द्या" एवढेच म्हणून आणलेले कार्ड चुकीच्या प्रजातीचे निघू शकते. पिकाचे आणि किडीचे नाव सांगून प्रजाती विचारा.

मग अंडी स्वतः शोधा. हे काम टाळले जाते, कारण ते किचकट आहे आणि नजर बसायला दोन-तीन दिवस लागतात. १० पट मोठे दाखवणारे भिंग घ्या, सकाळच्या तिरप्या उन्हात जा.

- बोंडअळी किंवा फळे पोखरणारी अळी (हेलिकोव्हर्पा): अंडी सुटी, एकेक. झाडाच्या वरच्या तिसऱ्या भागातली कोवळी पाने, कळ्या आणि फुले पाहा. ताजे अंडे पिवळसर पांढरे, घुमटासारखे, उभ्या रेघांचे असते.
- उसावरील खोडकीड: पानाच्या खालच्या बाजूला, एकमेकांवर खवल्यांसारखी चढलेली चपटी अंडी, काही ओळींत.
- भातावरील पिवळा खोडकिडा: पानाच्या टोकाजवळ तपकिरी-पिवळ्या केसांनी झाकलेला पुंजका.
- अमेरिकन लष्करी अळी: शंभर-दोनशे अंड्यांचा पुंजका, बहुधा एकावर एक थर, वर करड्या खवल्यांचे आवरण.

शेवटच्या दोन नोंदी नीट वाचा. अंडी झाकलेली किंवा थरांत असतील तर माशीला वरच्या थरापर्यंतच पोचता येते, खालची अंडी वाचतात. अमेरिकन लष्करी अळीवर एकट्या ट्रायकोकार्डकडून पूर्ण नियंत्रणाची अपेक्षा ठेवू नका. टेलिनोमस रेमस ही दुसरी अंडी-परोपजीवी (किडीच्या अंड्यात वाढणारी) माशी थरांमध्ये शिरून आतल्या अंड्यांपर्यंत जाते. ती मिळत असेल तर या किडीसाठी तिला प्राधान्य द्या.

सावधान: पीकही आडवे येते. हरभऱ्याच्या केसांमधून आम्ल स्रवते, त्यावर ही माशी चालू शकत नाही. तुरीच्या शेंगा आणि फुलांच्या देठाजवळही तिचे काम जवळजवळ होत नाही. टोमॅटोच्या चिकट केसांमुळे तिचा वेग मंदावतो, त्यामुळे तिथे कार्डाच्या तुकड्यांमधले अंतर कमी ठेवावे लागते. बोंडअळी कापसावर आटोक्यात आली म्हणून तीच अळी हरभऱ्यावर त्याच कार्डाने आटोक्यात येईल, असे धरू नका.

## टप्पा २: तारीख पतंगांकडून घ्या

"लावणीनंतर इतक्या दिवसांनी कार्ड" हे कोष्टक अंदाजापुरते ठीक. खरी तारीख कामगंध सापळा देतो, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारा सापळा. हंगामाच्या सुरुवातीलाच किडीनुसार योग्य ल्यूर (वासाची गोळी) लावून हेक्टरी ५ सापळे उभे करा. सापळा पिकाच्या शेंड्यापेक्षा थोडा वर राहील अशी उंची ठेवा आणि पीक वाढेल तशी ती वाढवत न्या. ल्यूर पाकिटावरच्या मुदतीत बदला. जुना झालेला ल्यूर रिकामा सापळा दाखवतो आणि आपण निश्चिंत राहतो.

सापळ्यात येतात ते नर. पण नर उडू लागले म्हणजे माद्याही कोषातून निघाल्या आहेत आणि अंडी घालणे एक-दोन दिवसांत सुरू होणार. सलग दोन-तीन रात्री पतंग आले किंवा शेतात पहिले ताजे अंडे दिसले, यांतले जे आधी घडेल तो तुमचा दिवस.

आता हिशोब पाहा. हेलिकोव्हर्पाचे अंडे उबदार हवेत ३ ते ४ दिवसांत उबते. माशीला ताजे, पहिल्या एक-दोन दिवसांतले अंडे हवे असते. आत अळी तयार होत आलेले अंडे ती बहुतेक सोडून देते. म्हणजे प्रत्येक अंड्यामागे तिच्या हातात फार तर दोन दिवस. अळी दिसल्यावर फोन केला, दोन दिवसांनी कार्ड आले, एक दिवस घरात राहिले, तर ज्या अंड्यांसाठी ते आणले ती केव्हाच उबून गेलेली असतात.

म्हणून मागणी सापळे लावतानाच नोंदवून ठेवा. प्रयोगशाळेत कार्ड तयार व्हायलाही दिवस लागतात. मागणी आधी, सोडण्याची तारीख सापळ्यावरून, अशी सांगड घाला.

## टप्पा ३: शेत फवारणीच्या अंशातून मोकळे करा

इथे सर्वाधिक कार्डे मरतात, आणि मेलेली दिसतही नाहीत. अर्ध्या मिलिमीटरची माशी पानावर पडून मेली तर कोणाला कळणार?

सिंथेटिक पायरेथ्रॉईड आणि ऑरगॅनोफॉस्फेट गटांतली कीटकनाशके तिच्यासाठी घातक आहेत. त्यांचा पानावरचा अंश दोन-तीन आठवडेही तिला मारू शकतो. "आठवडा झाला, आता चालेल" हा भरवसा प्रत्येक औषधाला लागू होत नाही.

जैविक किंवा सेंद्रिय म्हणून ओळखली जाणारी सगळी औषधे तिला सुरक्षित आहेत, हा दुसरा गैरसमज. स्पिनोसॅड तिच्यासाठी विषारी आहे. गंधक बुरशीनाशक असले तरी माशीला त्रासदायक ठरते, आणि भुरीसाठी गंधक मारून त्याच आठवड्यात कार्ड बांधलेली शेते मी पाहिली आहेत. बॅसिलस थुरिंजिएन्सिस (बीटी) हे जिवाणूजन्य आणि एनपीव्ही हे विषाणूजन्य कीटकनाशक मात्र तिला बाधत नाहीत. ही दोन्ही तिच्या जोडीला वापरता येतात.

शंका असेल तर ही साधी चाचणी करा. मी स्वतः हिच्यावर सर्वाधिक विसंबतो.

1. फवारणी झालेल्या शेतातले एक पान आणि कधीच फवारणी न झालेल्या झाडाचे तसेच एक पान घ्या.
2. दोन स्वच्छ काचेच्या कुप्यांत एकेक पान ठेवा.
3. माश्या निघू लागलेल्या कार्डाचा नखाएवढा तुकडा प्रत्येक कुपीत टाका, तोंडाला दाट विणीचे कापड घट्ट बांधा.
4. कुप्या सावलीत ठेवून २४ तासांनी पाहा.

फवारलेल्या पानाच्या कुपीत माश्या निपचित आणि दुसऱ्या कुपीत त्या चालताना दिसल्या, तर शेत अजून तयार नाही. चार दिवसांनी पुन्हा चाचणी करा.

तपासणी: शेजारच्या शेतात वाऱ्याच्या दिशेने फवारणी होणार आहे का, हे कार्ड बांधण्याच्या आदल्या दिवशी विचारा. उडून आलेला तुषारही पुरतो.

## टप्पा ४: कार्ड हातात घेताना

साधारण प्रमाणित कार्डावर १ घन सेंटिमीटर, म्हणजे सुमारे १८ ते २० हजार अंडी चिकटवलेली असतात. ती साठवणीच्या धान्यातल्या पतंगाची असतात. त्यांना आधी अतिनील किरणे दाखवतात, म्हणजे आतला जीव मरतो पण माशीला अन्न मिळते. माशीने अंडे घातल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते अंडे काळे पडते.

कार्ड घेताना चार गोष्टी विचारा किंवा वाचा: प्रजाती कोणती, अंड्यांची संख्या किती, परोपजीवीकरणाची (माशीने त्यांत अंडी घातल्याची) तारीख आणि माश्या निघण्याची अपेक्षित तारीख. शेवटची तारीख नसलेले कार्ड घेऊ नका.

मग भिंग लावा.

- काळी अंडी किती? कार्डाच्या तीन वेगवेगळ्या जागी १००-१०० अंडी मोजा. ८५-९० च्या वर काळी असावीत. पांढरी किंवा मळकट अंडी म्हणजे वाया गेलेली जागा.
- गोल भोके दिसतात का? भोक म्हणजे माशी आधीच निघून गेली. थोडी चालतील, अर्धी नाहीत.
- अंडी कडेने गळतात का? कार्ड हलके टिचकी मारून पाहा. डिंक सुटला असेल तर शेतात पहिल्याच वाऱ्याला अंडी जमिनीवर पडतील.
- जाळी किंवा बारीक अळ्या दिसल्या तर किरणे नीट दाखवलेली नाहीत. असे कार्ड परत करा.

या तपासणीला पंधरा मिनिटे लागतात. ती का करायची, ते आकडेच सांगतात. २०,००० अंड्यांच्या कार्डावर ९० टक्के काळी, त्यांतली ८५ टक्के उमलली आणि निघालेल्या माश्यांत ६० टक्के माद्या, असे धरले तर शेताला सुमारे ९,१८० माद्या मिळतात. काम फक्त माद्या करतात. आता तेच कार्ड ६० टक्के काळे, ५० टक्के उमलणारे आणि निम्म्या माद्यांचे असेल तर हाती फक्त ३,००० माद्या येतात. दोन्ही कार्डांवर "२०,०००" हाच आकडा छापलेला असतो.

उमलण्याची चाचणीही प्रत्येक खेपेला करा. कार्डाच्या कोपऱ्यातला तुकडा काचेच्या कुपीत कापडाने बंद करून घरात सावलीत ठेवा. त्यातल्या १०० काळ्या अंड्यांपैकी किती अंड्यांना भोके पडली ते माश्या निघू लागल्यापासून तिसऱ्या दिवशी मोजा. निघालेल्या माश्या कुपीच्या उजेडाकडच्या बाजूला चढतात का, पंख पूर्ण उलगडलेले आहेत का, तेही पाहा. चुरगळलेल्या पंखांच्या माश्या शेतात दोन हातही जाऊ शकत नाहीत.

## टप्पा ५: आणताना आणि ठेवताना

गाडीच्या डॅशबोर्डवर, काचेआड, उन्हात कार्ड ठेवून आणणे ही सर्वांत सामान्य चूक. ३५ अंशांच्या वर उमलण्याचे प्रमाण घसरते, आणि बंद गाडीत पारा त्याच्या कितीतरी वर जातो. थर्मासच्या डब्यात किंवा ओलसर कापडाने बाहेरून गुंडाळलेल्या मडक्यात आणा. बर्फाला थेट टेकवू नका.

लगेच लावायचे नसेल तर काळी अंडी असलेले कार्ड फ्रिजमध्ये ८ ते १० अंशांवर, खालच्या भागात, कागदी पाकिटात ठेवा. फ्रीजरमध्ये कधीही नाही. फार तर आठवडाभर, कारण थंडीत जितके दिवस जातील तितक्या माश्या अशक्त होतात. माश्या निघायला सुरुवात झालेले कार्ड फ्रिजमध्ये ठेवण्यात अर्थ नाही, ते त्याच संध्याकाळी शेतात गेले पाहिजे.

प्लॅस्टिकच्या हवाबंद पिशवीत ओल साचते, डिंक सुटतो आणि बुरशी येते. कागदच बरा.

## टप्पा ६: जागा आखा, मग कार्ड कापा

क्रम उलटा करू नका. बहुतेक जण आधी कार्ड छापील रेघांवर १०-१२ तुकड्यांत कापतात आणि मग शेतात "अंदाजाने" बांधतात. बांधाजवळ चार, मधोमध एक.

ही माशी स्वतःहून फार लांब जात नाही, तिचा उपयोगी वावर ५ ते १० मीटरचाच. म्हणून १० मीटर बाय १० मीटरच्या चौकटीत एक तुकडा हवा. हेक्टरला १०० जागा, एकराला ४०. एकरी २०,००० अंड्यांचे एक कार्ड वापरत असाल तर ४० तुकडे, प्रत्येकी सुमारे ५०० अंडी. तुकडे लहान वाटतील, ते तसेच हवेत.

आखणी अशी करा: बांधापासून ५ मीटर आत पहिली ओळ, मग दर १० मीटरवर पुढची. शेतातून एकदा चालत जाऊन जागांवर रंगीत सुतळी बांधा. पुढच्या प्रत्येक वेळी त्याच खुणा कामाला येतात आणि तपासणीलाही तुकडा शोधत फिरावे लागत नाही. वारा नेहमी एका बाजूने येत असेल तर त्या बाजूच्या दोन ओळींत तुकडे थोडे दाट ठेवा, माश्या वाऱ्याबरोबर आत सरकतात.

मात्रा पिकानुसार बदलते. उसाला हेक्टरी ५० हजार, भाताला एक लाख, कापसाला दीड लाख अंडी प्रत्येक वेळी, अशा शिफारशी प्रचलित आहेत. कापसाला जास्त का? झाडाचा पर्णसंभार मोठा, अंडी सुटी विखुरलेली, आणि माशीला प्रत्येक अंडे चालत शोधावे लागते. टोमॅटोसारख्या केसाळ पिकातही मात्रा आणि जागा दोन्ही वाढवा.

कापताना धारदार कात्री वापरा, अंड्यांच्या थरावर बोट ठेवू नका. कडेला रिकामा कागद सोडा, स्टेपलर तिथेच मारायचा.

## टप्पा ७: बांधणे

वेळ: माश्या मुख्यतः पहाटे-सकाळी बाहेर पडतात. ऊन उतरल्यावर संध्याकाळी कार्ड बांधले तर त्या थंड, शांत हवेत शेतात पसरतात. ढगाळ सकाळीही चालेल, भर दुपारी नाही. अपेक्षित तारखेच्या आदली संध्याकाळ उत्तम.

जागा: पानाच्या खालच्या बाजूला, सावलीत, किडीची अंडी सापडतात त्या उंचीच्या जवळ. उसात वरून दुसऱ्या-तिसऱ्या पूर्ण पानाखाली, कापसात झाडाच्या वरच्या अर्ध्या भागात. जमिनीजवळ बांधलेल्या तुकड्यातल्या माश्यांना शेंड्यापर्यंत चढत जावे लागते, तेवढे आयुष्य त्यांच्याकडे नसते. शेतात त्या दोन-चार दिवसच जगतात.

बाजू: अंड्यांचा थर पानाकडे किंवा खाली, कागदाची पाठ आभाळाकडे. उलटे लावलेले कार्ड उन्हात तापते आणि पावसात धुऊन जाते.

मुंग्या: कार्डाचा सर्वांत मोठा शत्रू. रात्रीतून ५०० अंड्यांचा तुकडा कोरा करतात. मावा असलेल्या झाडावर मुंग्यांची ये-जा हमखास असते, तिथे तुकडा बांधू नका, शेजारचे झाड निवडा. मुंग्या सगळीकडेच असतील तर तुकडा दोऱ्याने टांगा आणि दोऱ्यावर मध्ये बोटभर ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली लावा. लहान कागदी पाकिटात तुकडा घालून पाकिटाला सुईने भोके पाडली तरी नासाडी बरीच कमी होते. माश्यांना खाऊ म्हणून कार्डावर मध लावण्याचा सल्ला कुठे ऐकलात तर तो प्रयोगशाळेपुरता समजा. शेतात मध म्हणजे मुंग्यांना बोलावणे.

माश्यांच्या अन्नासाठी बांधावर धणे, बडीशेप यांसारखी बारीक फुलांची झाडे उपयोगी पडतात. ती फुलावर येतील अशा बेताने आधी पेरावी लागतात.

सावधान: तुषार सिंचन असेल तर बांधल्यापासून दोन दिवस ते बंद ठेवा. त्या दोन दिवसांत जोराचा पाऊस झाला तर ते प्रसारण (माश्या सोडणे) झालेच नाही असे धरा आणि पुन्हा कार्ड लावा.

## टप्पा ८: चौथ्या दिवशी दहा तुकडे उतरवा

हा टप्पा जवळजवळ कोणीच करत नाही. वेगवेगळ्या भागांतून दहा तुकडे काढून भिंगाखाली पाहा. प्रत्येकावर तीन प्रकार दिसतील.

- काळे कवच, त्याला नीट गोल भोक: माशी निघाली. असे ८० टक्क्यांच्या आसपास असेल तर काम ठीक चालले आहे.
- काळे, अखंड अंडे: माशी आतच मेली किंवा कार्ड थंडीत फार दिवस राहिले. हे प्रमाण जास्त असेल आणि घरी ठेवलेल्या कुपीतही तेच दिसत असेल तर दोष कार्डाचा. कुपीतल्या माश्या निघाल्या आणि शेतातल्या नाही, तर दोष उन्हाचा किंवा बांधण्याचा.
- कवचच नाही, फक्त डिंकाचे डाग: मुंग्या किंवा इतर भक्षकांनी खाल्ले. पुढच्या वेळी टांगण्याची पद्धत बदला.

घरी ठेवलेली कुपी आणि शेतातले तुकडे शेजारी ठेवले की दोष कुठे आहे ते तर्क न लढवता कळते. कार्ड पुरवणाऱ्याशी बोलतानाही हाच पुरावा हातात हवा.

## टप्पा ९: पुन्हा सोडा, ठरलेल्या दिवशी

एकदाच कार्ड लावून थांबणे म्हणजे काम अर्धवट सोडणे. पतंग एका रात्रीत सगळी अंडी घालत नाहीत, आठवडेच्या आठवडे घालत राहतात. आपल्या माश्या मात्र दोन-चार दिवसांत संपतात, आणि त्यांची पुढची पिढी बाहेर यायला ८ ते १० दिवस जातात. मधली पोकळी पुढच्या कार्डाने भरायची. कापसात दर आठवड्याला, ऊस आणि भातात ७ ते १० दिवसांनी, एकूण निदान चार ते सहा वेळा, आणि सापळ्यात पतंग येत आहेत तोवर.

एखादे प्रसारण चुकले तर पुढच्या वेळी दुप्पट सोडून ते भरून निघत नाही. मधल्या आठवड्यातली अंडी उबलेली असतात.

भातात अंड्यांचे पुंजके हाताने गोळा करत असाल तर ते लगेच चिरडू नका. त्यांत आधीच परोपजीवी माश्या वाढत असू शकतात. पुंजके जाळीच्या डब्यात घालून तो डबा पाण्याच्या थाळीत, शेताच्या कडेला ठेवा. माश्या उडून शेतात जातात, अळ्या पाण्यात पडतात.

## टप्पा १०: काळी अंडी मोजा आणि पुढचे ठरवा

पहिले कार्ड लावण्याच्या आदल्या दिवशी शेतातून ५० अंडी गोळा करा. निसर्गात आधीपासून किती परोपजीवीकरण आहे ते यावरून कळते. नंतर प्रत्येक प्रसारणाच्या चौथ्या दिवशी पुन्हा ५०. शेतात वेगवेगळ्या ठिकाणी फिरून घ्या, फक्त तुकड्याशेजारच्या झाडांवरून नाही.

प्रत्येक अंडे पानाच्या लहान तुकड्यासह वेगळ्या कुपीत ठेवा. एकत्र ठेवलीत तर हेलिकोव्हर्पाची उबलेली अळी उरलेली अंडीही खाते आणि हिशोब बिघडतो. पुढचे चार दिवस रोज पाहा.

इथे एक फसगत होते. उबायच्या आदल्या दिवशी किडीचे निरोगी अंडेही गडद दिसते, कारण आतल्या अळीचे डोके काळे असते. फरक असा: आत माशी वाढत असलेले अंडे सगळीकडून सारखे, कोळशासारखे काळे असते आणि दिवसेंदिवस तसेच राहते. उबायला आलेले अंडे करडे-तपकिरी, आत एका बाजूला काळा ठिपका, आणि दुसऱ्या दिवशी तिथे अळी. माशी निघालेल्या कवचाला लहान गोल भोक असते, अळी निघालेले कवच फाटके किंवा अर्धे खाल्लेले असते.

टक्केवारी अशी काढा: काळी पडलेली अंडी भागिले एकूण टिकलेली अंडी, गुणिले १००. सुकलेली किंवा बुरशी आलेली अंडी दोन्हीकडून वगळा.

आकडा वाढत असेल आणि शेंड्यांवर नव्या बारीक अळ्या कमी दिसत असतील तर वेळापत्रक तसेच चालू ठेवा. आकडा चांगला, पण अळ्याही बऱ्याच, तर पतंगांचा जोर मोठा आहे. अळ्या लहान असतानाच संध्याकाळी बीटी किंवा त्या किडीचे एनपीव्ही फवारा. उन्हात दोन्हींचा परिणाम लवकर ओसरतो आणि मोठ्या अळ्यांवर तो कमी होतो. आकडा पहिल्या दिवसाइतकाच राहिला तर आणखी कार्डे आणू नका. आधी टप्पा ३ ची कुपीतली चाचणी, मग टप्पा ८ चे दहा तुकडे, मग प्रजातीचे नाव, या क्रमाने मागे जात तपासा.

घातक कीटकनाशक मारण्यावाचून गत्यंतर नसेल, तर ते निदान पूर्ण शेतभर न मारता प्रादुर्भाव असलेल्या पट्ट्यापुरते मारा, त्या पट्ट्यातली सुतळीची खूण लाल करून ठेवा, आणि कुपीतल्या माश्या त्या पानावर २४ तास जगल्या की मगच तिथे पुन्हा तुकडे बांधा.